गाळलेली पाने

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरात एक वाद झाला. वाद आंब्याच्या पेटीवरून नव्हता की पंख्याच्या वेगावरून नव्हता. तो होता हॅरी पॉटरवरून. पुण्याहून चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांची चिमी आठ दिवसांसाठी ठाण्याला आली होती. ह्या मालिकेतले आठही चित्रपट रोज एक या हिशेबाने पुन्हा पाहायचे, असा बेत चिरंजीवांनी येतानाच ठरवून आणला होता. सगळे मिळून साडेएकोणीस तासांहून थोडे जास्तच होतात. मी म्हटले, "अरे, एवढ्या वेळात माझे चकलीभाजणीपासून पापडापर्यंत सगळे होईल!" पण आजीचे कोण ऐकतो?

पहिल्याच दिवशी चिमीने मला विचारले, "आजी, पुस्तक चांगलं की सिनेमा?"

आता हा प्रश्न सुशिक्षित माणसाला विचारला की उत्तर ठरलेले असते. आपण किंचित हसतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "पुस्तकाची सर चित्रपटाला कुठली यायला?" असे म्हटले की आपण पुस्तक वाचले आहे हेही परस्पर सांगून होते. मीही तेच म्हटले. माझा तो हक्कच होता, कारण बत्तीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवले आणि ही पुस्तके चिरंजीवांना मीच वाचून दाखवली होती.

म्हणजे कशी, ते सांगायला हवे. मुलगा मराठी शाळेतला. त्याच्या इयत्तेला इंग्रजी सुरू झाले ते पाचवीत. त्यामुळे डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे, असा माझा रोज रात्री जेवणानंतर तासाभराचा कार्यक्रम असे. मुलगा पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून ऐके. आमचे हे वर्तमानपत्र वाचण्याचा बहाणा करीत. बहाणाच, कारण तासाभरात पान काही उलटत नसे. सिरियस ब्लॅक हा त्या पोरक्या हॅरीचा 'गॉडफादर'. ह्या नात्याला मराठीत शब्द कुठून आणायचा? मी त्याला मानलेला काका करून टाकले. आमच्या घरी तो सिरियसकाका झाला आणि दोन दिवसांत मूळचा आमच्याच कुळातला असल्यासारखा रुळला.

चौथ्या पुस्तकाच्या शेवटी सेड्रिक नावाचा एक उमदा मुलगा मारला जातो. ते मी बेधडक वाचले होते. मुलाने विचारले, "आई, मेला म्हणजे आता पुढच्या पुस्तकात येणार नाही?" मी म्हटले, "नाही." ह्यांनी वर्तमानपत्रामागून 'अरेरे' केले आणि आम्ही दिवा मालवला. तोपर्यंत आमच्या घरात मरण आलेले नव्हते.

पहिला चित्रपट विलायतेत नोव्हेंबर २००१ मध्ये निघाला. आम्ही तो पुढच्या उन्हाळ्यात पाहिला, तिघांनी मिळून. मध्यंतरात ह्यांनी बटाटेवडे आणले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कचेरीत बसल्या जागी, हे गेले. मुलगा अकरा वर्षांचा होता.

असो. सांगत होते चित्रपटांबद्दल.

पुन्हा पाहताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, हे आठ चित्रपट एका घरातले असले तरी एका स्वभावाचे नाहीत. पहिले दोन ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेले. ते मला नेहमी धडा पाठ करून उत्तर लिहिणाऱ्या मुलासारखे वाटत आले. पुस्तकात जे आहे ते सगळे, शक्यतो त्याच क्रमाने. इंग्लंडमधल्या मूळ आवृत्तीत दुसरे पुस्तक २५१ पानांचे आणि पाचवे ७६६ पानांचे. पण दुसरा चित्रपट आठांतला सर्वांत लांब, १६१ मिनिटांचा, आणि पाचवा अवघा १३८ मिनिटांचा! थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला आणि धाकट्याचे थोरल्याला घालावेत, तसा हा प्रकार.

पूर्वी मी ह्या पहिल्या दोघांना नाक मुरडत असे. या वेळी तसे झाले नाही. त्या पोरांचे ते अकरा-बारा वर्षांचे चेहरे, दुधाचे दात नुकते पडून गेल्यासारखे हसू! आज तीच पोरे पस्तिशीच्या आसपास आहेत. पुस्तकातला हॅरी कधीही उघडा, अकरा वर्षांचाच निघतो. पडद्यावरची मुले मात्र दर चित्रपटागणिक बोटभर वाढत जातात, आणि ते काही दिग्दर्शकाच्या हातात नसते. हे सुख पुस्तक देऊ शकत नाही, हे मला एवढ्या वर्षांनी कबूल करावे लागले.

पहिल्या चित्रपटात एक आरसा आहे. मनात ज्याची सर्वांत जास्त ओढ असेल ते त्यात दिसते. पुस्तकात हॅरीला त्यात आईवडिलांबरोबर आपले सगळे गणगोत दिसते. पडद्यावर फक्त आई आणि वडील. माणसे कमी केली, पण मला वाटते बरोबर केले. पाठीमागच्या आजोबा-काकांकडे पाहायला पोरक्या मुलाला सवड कुठली?

तिसऱ्या दिवशी चिमी एकदम ओरडली, "आजी, हे ते आजोबा नाहीत!" शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर पहिल्या दोन चित्रपटांत रिचर्ड हॅरिस झाले होते. २५ ऑक्टोबर २००२ रोजी ते वारले. दुसरा चित्रपट त्यानंतर काही आठवड्यांनी लागला. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत मायकेल गॅम्बन. चिरंजीवांनी चिमीला हे सरळ सांगून टाकले, "ते वारले. मग दुसरे आले." चिमीने "बरं" म्हटले आणि ती पुढे पाहू लागली. मला त्या सरळपणाचे जरा नवल वाटले. कारण त्या घरात असे सरळ सांगण्याची पद्धत निदान माझ्याकडून तरी पडलेली नव्हती.

हा तिसरा चित्रपट २००४ चा, अल्फोन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाचा. त्याने पुष्कळच मोडतोड केली आहे. मुलांना गणवेशातून काढून साध्या कपड्यांत आणले, शाळेत भलेमोठे घड्याळ आणि त्याचा लंबक आणून बसवला, तो मारका वृक्ष ऋतूंप्रमाणे पाने गाळताना दाखवला. गोष्टीच्या शेवटी मुले काळात तीन तास मागे जातात, म्हणून सगळा चित्रपटच त्याने काळाच्या टिकटिकीवर चालवला आहे. पण तो जादूचा नकाशा कोणी तयार केला, हे काही सांगत नाही! हॅरीचे वडील आणि सिरियसकाका शाळेत असताना त्यांच्या टोळीने तो केला. वडील सांबराचे रूप घेत असत. म्हणून हॅरीच्या रक्षणमंत्रातून सांबर निघते. पुस्तक न वाचलेल्याला हे सांबर कुठल्या रानातून आले, याचा पत्ता लागायचा नाही.

परंतु तळ्याकाठचा प्रसंग त्याने अजिबात कापला नाही. पलीकडच्या काठावर कोणीतरी उभे राहून आपल्याला वाचवते, आणि ते आपले गेलेले वडीलच, असे हॅरीला वाटते. नंतर त्याच काठावर तो वाट पाहत बसतो, आणि वडील येत नाहीत. वाचवणारा तो स्वतःच असतो. २००४ साली हा प्रसंग मी तेरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून पाहिला होता. तेव्हा मी पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होते. या वेळी प्रथमच पडद्याकडे पाहिले. प्रसंग फार चांगला घेतला आहे.

चौथा माइक न्यूवेल यांचा, २००५ चा. पुस्तकात डम्बलडोर हॅरीला एक प्रश्न शांतपणे विचारतात. पडद्यावर त्याला धरून गदागदा हलवतात. चिरंजीव याबद्दल गॅम्बनना अजून क्षमा करायला तयार नाहीत. पण सेड्रिकचे प्रेत घेऊन हॅरी परततो, तेव्हा बँड वाजत असतो, लोक टाळ्या पिटत असतात, आणि मग गर्दीतून त्या मुलाचे वडील ओरडत खाली येतात. पुस्तकात हा आक्रोश एवढा मोठा नाही. चित्रपटाने तो वाढवला. म्हणजे चित्रपटवाले नुसते कापतात असे नाही. एखाद्या जागी ते जास्तही घालतात, आणि ते जास्तीचेच लक्षात राहते.

मग आला पाचवा. २००७ चा, डेव्हिड येट्स यांचा. आणि इथे मला माझ्या एका गुन्ह्याची कबुली द्यावी लागणार आहे.

पाचवे पुस्तक २१ जून २००३ रोजी जगभर निघाले. मी पगारातून पैसे बाजूला काढून ते घेतले आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचायला सुरुवात केली. ह्यांच्या खुर्चीवर आता धुतलेले कपडे पडलेले असत. मी नेहमी एक प्रकरण पुढे वाचून ठेवत असे, म्हणजे भाषांतराला अडत नसे. असेच एका रात्री स्वयंपाकघरात बसून पुढचे प्रकरण वाचले. सिरियसकाका लढता लढता एका कमानीतल्या पडद्याआड कोसळतो, आणि संपतो. हसत हसत, चेहऱ्यावरचे हसू पुरते मावळण्याच्या आत. कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

मी पुस्तक मिटले. वर्षभरापूर्वी ज्याचा बाप असाच ध्यानीमनी नसताना गेला, त्या पोराला मी हे कोणत्या तोंडाने वाचून दाखवू?

दुसऱ्या रात्री मी वाचले, नव्हे, बोलले. सिरियसकाका पडद्याआड गेला. पडद्यामागे दुसऱ्या देशाची वाट होती. शत्रूंचा पहारा असल्याने त्याला लगेच परत येता येत नाही. सारे स्थिरस्थावर झाले की तो पत्र पाठवील. शेवटची प्रकरणे मी अशी पाच मिनिटांत गुंडाळली. मुलाने एकच प्रश्न विचारला, "पत्र येईल?"

"येईल," मी म्हटले. तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पुस्तक मी कपाटात वरच्या खणात ठेवून दिले.

चित्रपटवाल्यांनी हे गाळले, ते गाळले, म्हणून जन्मभर नाक मुरडणारी मी! त्यांनी एवढी मोठी कत्तल कधी केली नाही. ह्या पाचव्याची पटकथा मायकेल गोल्डनबर्ग यांची. बाकीच्या सातही स्टीव्ह क्लोव्हज यांच्या. क्रीचर नावाचा एक म्हातारा घरगडी सुरुवातीच्या मसुद्यातून उडालाच होता. तो पुढे लागणार आहे, त्याला ठेवा, असे खुद्द लेखिका रोलिंगबाईंनी सुचवले, म्हणून वाचला. पण सिरियसकाकाने हॅरीला दिलेला तो आरसा? एकात पाहिले की दुसऱ्यातला माणूस दिसे आणि बोले. पुस्तकात हॅरी तो ट्रंकेत टाकून विसरतो आणि काका गेल्यावर त्याला तो सापडतो. पाचव्या चित्रपटात हे सगळे गेले. आणि सातव्यात हॅरीच्या हातात आरशाचा एक तुकडा अचानक येतो! चिमीने विचारलेच, "बाबा, ही काच कुठली?" गाळलेली वस्तू अशी दोन चित्रपट सोडून पायात टोचते.

माझेही तेच होणार, ही धास्ती मला होती. सहावे पुस्तक २००५ मध्ये निघाले, तोवर मुलगा स्वतः वाचू लागला होता. त्यात काका मेल्याचा उल्लेख सुरुवातीलाच आहे. मी वाट पाहत होते, आता विचारील. त्याने काही विचारले नाही. २००७ मध्ये पाचवा चित्रपट लागला तेव्हा तो सोळा वर्षांचा. पडद्यावर गॅरी ओल्डमन हॅरीला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतो, दुसऱ्या क्षणी मृत्युमंत्र लागतो, आणि तो हलकेच मागे, पडद्याआड जातो. हॅरी ओरडतो, पण त्या ओरडण्याचा आवाज चित्रपटातून काढून घेतला आहे. पुस्तकात हॅरी नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या वस्तूंची मोडतोड करतो, तेही नाही. अंधारात मुलाने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. घरी येताना आम्ही रिक्षाच्या भाड्याबद्दल बोललो.

तर यंदाच्या मे महिन्यातला तो पाचवा दिवस. कमान दिसली, पडदा हलू लागला. चिरंजीवांनी चित्र थांबवले आणि म्हणाले, "चिमे, पुढचं आजी सांगेल. तिच्या गोष्टीत हा मरत नाही."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी विचारले, "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. डिसेंबरात."

"सहाव्या पुस्तकात ना?"

"नाही गं. त्याच डिसेंबरात. गोष्ट संपली आणि पानं मात्र ढीगभर उरली होती. तू शाळेत असायचीस तेव्हा पुस्तक काढून बसायचो. डिक्शनरी घेऊन. पहिला अर्धा दिवस 'व्हेल' शब्दातच गेला. डिक्शनरीत 'बुरखा' होतं. म्हटलं, बुरख्यात पडून माणूस मरतो कसा?"

सूनबाई हसली. मलाही हसू आले, पण ते नीट वर येईना. मी म्हटले, "मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

तो रिमोटशी चाळा करीत म्हणाला, "मला वाटलं, तो मेलेला तुला सहन होत नाहीये. म्हणून तू बदललंस. मग मी कशाला बोलू?"

बावीस वर्षे मी समजत होते की मुलाला मी जपले. आणि बारा वर्षांचा तो पोर, दुपारी एकट्याने डिक्शनरीत मरण शोधून, संध्याकाळी मला 'चहा करू का' म्हणून विचारत होता. मला एक मात्र कळले. मी पाने गाळली, त्याने त्याचे दुःख हलके झाले नाही. ते त्याला एकट्याने वाचावे लागले, एवढेच. मी शेजारी बसून वाचले असते तर निदान 'बुरखा' तरी मधे आला नसता.

आम्ही दोघे असे गप्प बसलेलो असताना चिमी वैतागून म्हणाली, "लावा ना पुढे! तो मरतो, मला माहितीये. शाळेत सगळ्यांना माहितीये."

त्या रात्री मी वरच्या खणातून ते पुस्तक काढले. २००३ नंतर ती पाने मी कधी उघडलीच नव्हती. शेवटच्या प्रकरणांत ओळीओळीवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षर होते. 'अचानक', 'कमान', 'दचकलेला'. आणि एका शब्दावर 'बुरखा', पुढे प्रश्नचिन्ह. पुढच्या पानावर तो 'बुरखा' खोडून 'पडदा' केला होता. मी जन्मभर वह्या तपासल्या, पण ह्या पानांवर बरोबर-चूक करण्याचे माझे धाडस झाले नाही.

उरलेले तीन चित्रपट आम्ही पाहिले. त्यांतही बेरीजवजाबाकी आहे. सहाव्यात पुस्तकात नसलेली आग एका घराला लावली आहे. सातव्यात तंबूत हॅरी आणि हर्मायनी यांचा एक नाच आहे, तोही पुस्तकात नाही, आणि मला तो आवडला. शेवटी खलपुरुष पुस्तकात साध्या माणसासारखा जमिनीवर पडून मरतो, तर पडद्यावर त्याच्या कपट्या होऊन वाऱ्यावर उडतात. इथे माझे मत पुस्तकाच्या बाजूने. मेलेला माणूस मागे दिसला पाहिजे. पण आता मी नाक मुरडत नाही. गाळणारा माणूस कधी वेळ वाचवत असतो, कधी पैसा, आणि कधी समोरच्याला वाचवत असतो. कशासाठी गाळले ते पाहून मग रागवावे.

जाताना चिमी म्हणाली, "आजी, आता तू मला पुस्तक वाचून दाखव." पुण्याला फोनवरून रोज अर्धा तास आमचे वाचन चालते. चिमीला इंग्रजी येते, तरी तिला मराठीतच हवे. सध्या दुसरे पुस्तक चालू आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या कमानीपाशी पोहोचू. या वेळी एक ओळही गाळायची नाही, असे मी ठरवले आहे, आणि तसे तिला सांगूनही टाकले.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चालेल. पण ते झालं की तुझी गोष्टसुद्धा सांग हं. पत्र येतं ती."